मस्तानी : मत्सर होता, पण कुणाचा?

भिवंडीहून वाड्याकडे निघालेल्या प्रवाशापुढे अंबाडी नाक्यावर दोन वाटा येतात. एक सरळ वाड्याला जाते. दुसरी डावीकडे वळते आणि वज्रेश्वरीवरून शिरसाडला, मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळते. या दुसऱ्या वाटेवर, तानसा नदीच्या खोऱ्यात, गरम पाण्याच्या कुंडांच्या शेजाराने वज्रेश्वरी देवीचे किल्ल्यासारखे दिसणारे मंदिर उभे आहे. वसईच्या मोहिमेवर असताना चिमाजीअप्पांनी या देवीला नवस केला, वसई फिरंग्यांच्या हातून सुटली तर देऊळ बांधीन असा शब्द दिला आणि मे १७३९ मध्ये वसई पडल्यावर सुभेदार शंकर केशव फडके यांच्याकरवी तो पाळला, ही कथा या पंचक्रोशीत पोराटोरांनाही पाठ असते.

चिमाजीअप्पांचे नाव या भागात असे देवीच्या नावाला जोडले गेले आहे. मात्र ज्या वर्षी वसईच्या तटाला त्यांनी खिंडार पाडले, त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्यांनी आणखी एक वेढा घातला होता. तेथे ना तोफा होत्या ना सुरुंग. वेढ्यात होती एकच स्त्री. वसईचा वेढा जिंकल्याचा आनंद अप्पांना लाभला. पुण्याचा वेढा त्यांनी जिंकला आणि अवघ्या चार-पाच महिन्यांत त्याची किंमत साऱ्या घराण्याने मोजली. त्या स्त्रीचे नाव मस्तानी.

मस्तानीविषयी महाराष्ट्राला खूप काही ठाऊक आहे असे महाराष्ट्राला वाटते. विड्याचा रस तिच्या गळ्यातून उतरताना दिसे, ही दंतकथा ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. पुण्यात तर तिच्या नावाचे दुधाचे थंड पेय ग्लासातून मिळते. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ ही कादंबरी १९७२ मध्ये आली आणि २०१५ मध्ये तिच्यावर आधारलेल्या हिंदी चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दिसल्या. तेव्हा उठलेला वाद वाचकांना आठवत असेल. या सगळ्या कथनांत एक गोष्ट मात्र बहुधा गृहीत धरलेली असते : एक पुरुष, दोन स्त्रिया, तेव्हा मत्सर असणार, आणि तो पहिल्या बायकोचाच असणार. उपलब्ध कागदपत्रे वाचली तर हे गृहीतक डळमळू लागते.

तिचा जन्म, तिचे वय, तिचे बालपण यांविषयी खात्रीची नोंद नाही. बुंदेलखंडचा राजा छत्रसाल याची ती मुस्लिम उपस्त्रीपासून झालेली कन्या, असे परंपरा सांगते आणि बहुतेक चरित्रकार तेच मान्य करतात. छत्रसाल हा प्राणनाथांचा शिष्य. त्यांच्या प्रणामी पंथात कृष्णभक्ती आणि कुराण यांचा मेळ घातलेला होता. अशा घरात वाढलेल्या मुलीला आपण हिंदू की मुसलमान, हा प्रश्न पुण्यात येईपर्यंत कुणी विचारला असेल असे वाटत नाही. पुण्यात आल्यावर मात्र तिला दुसरे काही विचारलेच गेले नाही.

बाजीरावांचा आणि बुंदेलखंडाचा संबंध आला तो १७२९ मध्ये. महंमदखान बंगश याने ऐंशीच्या घरातल्या छत्रसालाला जैतपूरच्या किल्ल्यात कोंडले होते. त्याने गजेंद्रमोक्षाची आठवण देणारा दोहा लिहून पेशव्यांना हाक घातली, अशी आख्यायिका आहे. दोह्याचे काहीही असो, मार्च १७२९ मध्ये बाजीराव तेथे पोहोचले आणि बंगशच्या छावणीची रसद तोडून त्यांनी वेढा घालणाऱ्यालाच वेढ्यात टाकले. कृतज्ञ छत्रसालाने बाजीरावांना आपला पुत्र मानून राज्याचा तिसरा हिस्सा देऊ केला. मस्तानी बाजीरावांच्या आयुष्यात आली ती याच प्रसंगानंतर, असे मानले जाते. पुण्याच्या दफ्तरात तिचे नाव प्रथम उमटते ते जानेवारी १७३० मध्ये, नानासाहेबांच्या लग्नाच्या निमित्ताने. ज्या मुलाच्या लग्नात ती पहिल्यांदा कागदावर आली, त्याच मुलाने दहा वर्षांनी तिच्यावर पहारा बसवला. इतिहास कधीकधी कादंबरीकारापेक्षा निष्ठुर असतो.

बाजीराव तेव्हा तिशीत होते. विसाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे मिळाल्यापासून त्यांचे आयुष्य घोड्यावर गेले होते. पालखेडला निजामाला नमवून दोनच वर्षे झाली होती. घरी चासकर जोशांच्या घराण्यातल्या काशीबाई होत्या. शांत, सोशिक, प्रकृतीने नाजूक आणि पायाच्या दुखण्याने त्रस्त, असे त्यांचे वर्णन येते. या संसारात दुरावा होता असे मात्र म्हणता येत नाही. रघुनाथरावांचा जन्म ऑगस्ट १७३४ मधला, आणि त्यानंतरही काशीबाईंना अपत्ये झाली. त्याच १७३४ सालात मस्तानीलाही मुलगा झाला. त्याचे नाव कृष्णराव ठेवले होते. पुढे तो समशेर बहादूर म्हणून ओळखला गेला. एकाच वर्षी दोन मुलगे, दोन मातांच्या पोटी आणि एकाच वाड्याच्या सावलीत. मत्सराला यापेक्षा सुपीक जमीन ती कोणती? कादंबरीकारांना ती दिसली यात नवल नाही.

काशीबाईंपाशी नसलेली आणि मस्तानीपाशी असलेली गोष्ट रूपाची नव्हती, सोबतीची होती. ती घोड्यावर बसत असे, भाला-तलवार चालवत असे आणि मोहिमेत रिकिबीला रिकीब लावून बाजीरावांच्या सोबत जात असे, असे सांगितले जाते. शनिवारवाड्यातल्या गणेशोत्सवात तिचे गायन-नर्तन होई. पण वर्षातले आठ-नऊ महिने ज्याचा मुक्काम तंबूत असे त्याला गाण्यापेक्षा तंबूतल्या सोबतीची गरज अधिक होती. पेशव्यांच्या घरातल्या स्त्रीने वाड्यात राहायचे, व्रते-उद्यापने सांभाळायची आणि स्वारी परतण्याची वाट पाहायची, ही रीत. जी स्त्री वाट पाहत बसत नाही, बरोबर चालते, तिच्याशी पुरुषाचे नाते कसे बदलते याची त्या काळच्या पुण्याला कल्पनाच नव्हती. बाजीरावांना तिच्यात प्रेयसी मिळाली तशी मैत्रीणही मिळाली, आणि बहुधा दुसऱ्या गोष्टीनेच घर अधिक बिथरले. पेशव्यांनी एखादी कलावंतीण ठेवली असती तर कुणी हूं की चूं केले नसते. नाटकशाळा हा शब्द त्या काळच्या दरबारी व्यवहारात सहज वावरत होता. बाजीरावांनी तिला ठेवले नाही, मानले; तिच्यासाठी शनिवारवाड्यात जागा केली, कोथरूडला वास्तू उभारली, आणि पाबळ, केंदूर, लोणी ही गावे तिला दिली.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मराठी लेखणी काशीबाईंना, राधाबाईंना आदरार्थी बहुवचन देते आणि मस्तानीला एकेरी. तिची बाजू घेणाऱ्यांच्या लेखनातही ती बहुधा ‘ती’च राहते. सवय तीनशे वर्षांची आहे, एका लेखात सुटत नाही.

तर मग विरोध कुणाचा? रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादित केले. त्यांतून आणि त्यांच्या इतिहासातून जी नावे पुढे येतात ती तीन आहेत : आई राधाबाई, धाकटे बंधू चिमाजीअप्पा आणि थोरले चिरंजीव नानासाहेब. मस्तानीवर पहारा बसवण्याच्या सगळ्या प्रकरणात काशीबाईंचे नाव येत नाही.

राधाबाईंचा विरोध समजण्यासारखा आहे. नवऱ्यामागे कोकणातून देशावर आलेली ही बाई घराण्याची खरी कर्ती होती. १७३५-३६ मध्ये त्यांनी उत्तर हिंदुस्थानची मोठी यात्रा केली तेव्हा राजपूत राजांनी त्यांची सरबराई केली, आणि ज्याच्या तावडीतून बाजीरावांनी छत्रसालाला सोडवले होते त्या बंगशानेही त्यांना आईचा मान दिला. मुलाच्या तलवारीचा दबदबा त्या माउलीने डोळ्यांनी पाहिला. मात्र पुण्याच्या ब्रह्मवृंदाला ती तलवार भिववू शकत नव्हती. पेशवे मांस-मद्य घेतात, मुसलमान स्त्रीच्या हातचे खातात, अशी कुजबुज होती. घरात मुंजी आणि लग्ने यायची होती. बहिष्काराच्या भीतीपुढे दिल्लीची भीती काहीच नव्हे. मस्तानीच्या मुलाची मुंज करण्याची बाजीरावांची इच्छाही याच भिंतीवर आदळली, असे म्हणतात.

नानासाहेब एकोणीस वर्षांचे होते. उद्याची पेशवाई त्यांची. बापाच्या दुसऱ्या घराकडे, दुसऱ्या मुलाकडे वारसदाराने निर्मळ मनाने पाहावे ही अपेक्षा कुठल्याच राजघराण्यात पुरी झालेली नाही.

गाठ अडते ती चिमाजीअप्पांपाशी. हा माणूस लोभी नव्हता, सत्तेसाठी भावाविरुद्ध उभा राहणारा तर नव्हताच. मराठ्यांच्या इतिहासात भाऊबंदकीची उदाहरणे पोत्याने मिळतील. बाजीराव-चिमाजी ही जोडी त्यांत अपवाद म्हणूनच सांगितली जाते. थोरला उत्तरेकडे, धाकटा कोकणात, आणि दोघांत संशयाचा धागाही नाही. अप्पांच्या स्वतःच्या संसाराने त्यांना फार सुख दिले नव्हते. ऑगस्ट १७३० मध्ये सदाशिवरावांचा जन्म झाला आणि त्याच महिन्यात पत्नी रखमाबाई गेल्या. छातीच्या दुखण्याने त्यांचे शरीर पोखरले होते. भाऊ हेच त्यांचे दैवत, आणि त्या दैवताला एका व्यसनाने ग्रासले आहे अशी त्यांची मनापासून समजूत होती. मस्तानी दूर झाली की राऊ पूर्वीसारखे होतील, एवढा सरळ त्यांचा हिशेब. यालाही मत्सरच म्हणायचे झाले तर तो सवतीचा मत्सर नव्हता. ज्याच्यावर आपला हक्क आहे असे वाटते, त्याच्या मनात आपण पोहोचू शकत नाही अशी एक खोली आहे हे कळल्यावर होणारी ती तडफड होती. असा मत्सर करणाऱ्याला स्वतःला तो कर्तव्य वाटतो, आणि म्हणूनच त्याला आवर घालणे कठीण जाते.

वसईहून अप्पा परतले तेव्हा त्यांच्या शब्दाला घरात नवे वजन आले होते. नोव्हेंबर १७३९ मध्ये बाजीराव पुण्याबाहेर पाटस येथे असताना मस्तानीवर पुण्यात पहारा बसला. महिन्याच्या अखेरीस एका रात्री ती पहारेकऱ्यांना चुकवून निसटली आणि थेट पाटसला बाजीरावांकडे पोहोचली. पुणे ते पाटस हे अंतर आज मोटारीने दीड तासाचे आहे. अंधारात, पाठलागाच्या भीतीत, एकटीने ते कापणाऱ्या स्त्रीविषयी ती नुसती नर्तकी होती असे लिहिणाऱ्यांनी एकदा तो रस्ता नजरेखालून घालावा. मागोमाग अप्पा आणि घराण्यातले जुने विश्वासू लोक पाटसला गेले, समजुती झाल्या, आणि मस्तानी पुण्याला परत पाठवली गेली.

बाजीरावांनी ते होऊ कसे दिले? निजामाला नमवणारा, दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकलेला हा पुरुष आपल्याच वाड्यातला एक पहारा उठवू शकत नव्हता, यावर विश्वास बसत नाही. पण पहारा कुणाचा होता हे पाहिले की कोडे उलगडते. तो शत्रूचा असता तर एका रात्रीत उठला असता. तो होता सख्ख्या भावाचा आणि पोटच्या मुलाचा, आणि त्याला आशीर्वाद होता जन्मदात्या आईचा. यांतल्या कुणावर शस्त्र उगारावे? रणांगणावर ज्यांचा वेग कुणाला गाठता आला नाही ते बाजीराव घरात मात्र कायम टाळाटाळ करत राहिले. दोन्हीकडे प्रेम करायचे आणि दोन्हीकडे निर्णय पुढे ढकलायचा, ही त्यांची घरगुती नीती. काशीबाईंवर अन्याय होतो याची बोच त्यांना नसेल असे नाही. मस्तानीला पत्नीचा उघड दर्जा मिळवून देण्याइतकी लढाई मात्र त्यांनी कधी दिली नाही, हेही खरे. तिच्या वाट्याला आलेल्या कैदेत त्यांच्या या मौनाचा वाटा किती, हा प्रश्न त्यांच्या भक्तांनी फारसा विचारलेला नाही.

डिसेंबर १७३९ मध्ये निजामपुत्र नासिरजंगाविरुद्धची मोहीम निघाली आणि दोघे भाऊ त्यात गुंतले. जानेवारी १७४० मध्ये नानासाहेबांनी पुण्यात मस्तानीला पुन्हा पहाऱ्यात घातले. या वेळी अप्पांच्या बाजूने साताऱ्याला छत्रपती शाहूंचे मत घेतले गेले. गोविंदराव चिटणिसांमार्फत आलेल्या उत्तराचा आशय असा, की बळजबरीने हा प्रश्न सुटणार नाही, तिला अडकवून राऊंचे मन दुखवू नये. मोगलांच्या छावणीत सतरा-अठरा वर्षे नजरकैदेत काढलेल्या शाहूंना कैद म्हणजे काय हे या सर्वांहून जास्त ठाऊक होते. त्यांचा सल्ला मानला गेला नाही. फेब्रुवारीत रघुनाथरावांची मुंज आणि सदाशिवरावांचे लग्न पुण्यात पार पडले. ब्रह्मवृंद समाधानी होता. घरचा कर्ता पुरुष मात्र हजर नव्हता.

फेब्रुवारीच्या अखेरीस मुंगी-शेवगावला तह झाला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोघे भाऊ एकमेकांपासून दूर झाले. बाजीराव तहात मिळालेल्या हंडिया-खरगोणच्या जहागिरीकडे, नर्मदेच्या दिशेने गेले. ही त्यांची शेवटची भेट ठरली. त्यानंतर चिमाजीअप्पांनी नानासाहेबांना लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. वसईच्या विजेत्याचा सगळा अभिनिवेश त्यात गळून पडलेला दिसतो. वेगळे झाल्यापासून राऊंकडून काही कळलेले नाही, त्यांचे मन थाऱ्यावर आणण्याचा आपण होता होईल तो प्रयत्न केला, पण ईश्वराच्या मनात वेगळेच दिसते, पुण्यास परतताच तिला त्यांच्याकडे रवाना केले पाहिजे, असा त्या पत्राचा आशय. भावाचा उतरलेला चेहरा जवळून पाहिल्यावर धाकट्याने हट्ट सोडला होता.

पुण्यास परतणे मात्र झाले नाही. कुलाब्याला आंग्र्यांच्या भाऊबंदकीने पेट घेतला होता आणि अप्पा-नानासाहेब तिकडे गुंतले. त्या धावपळीत मस्तानीच्या पहाऱ्याची कुलपे तशीच राहिली. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचा ज्वराने अंत झाला. वय चाळीसही नव्हते. शेवटच्या दिवसांत त्यांच्याजवळ काशीबाई आणि धाकटा जनार्दन होते. ज्या पत्नीला आपण कथा-कादंबऱ्यांतून मत्सराची धनी केले, ती उन्हाळ्याच्या भर काहिलीत, पायाचे दुखणे सोसत, पतीच्या उशाशी पोहोचली होती. जिला रवाना करायचे ठरले होते ती पोहोचली नव्हती.

मस्तानी त्यानंतर फार दिवस जगली नाही. तिने विष घेतले असे कुणी सांगते, धक्क्याने गेली असे कुणी म्हणते. सती गेली असेही सांगणारे आहेत, पण शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी असलेली तिची कबर त्या कथेला पुरेसे उत्तर देते. चिमाजीअप्पाही सावरले नाहीत. भावामागे आठ महिन्यांच्या आत, डिसेंबर १७४० मध्ये, वयाच्या तेहतिशीत ते गेले.

राहिला सहा वर्षांचा समशेर. त्याला पेशव्यांच्या घराने टाकले नाही. काशीबाईंनी त्याला आपल्या मुलांबरोबर सांभाळले, असे बहुतेक चरित्रकार मानतात. त्याचे शिक्षण, शस्त्रविद्या सारे पेशवेपुत्राला शोभेल असे झाले आणि बुंदेलखंडातला पित्याचा वाटाही पुढे त्याच्याकडे आला. आपल्या रघुनाथाच्याच वयाचे हे मूल रोज डोळ्यांसमोर वाढताना काशीबाईंना काय वाटत असेल, ते कुठल्याच कागदाने टिपलेले नाही. त्यांनी चासला सोमेश्वराचे मंदिर बांधले, काशीयात्रा केली, आणि १७५८ मध्ये त्या निवर्तल्या. मनात सल असेलही. तो असूनही ज्यांच्या हातून त्या मुलाला इजा झाली नाही, त्यांच्या माथी मत्सराचा शिक्का मात्र मारला गेला.

जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या छावणीत दोन चुलत भाऊ एकत्र होते. एक सदाशिवरावभाऊ, मस्तानीवर पहारा बसवणाऱ्या चिमाजीअप्पांचा मुलगा. दुसरा समशेर बहादूर, त्या पहाऱ्यातल्या मस्तानीचा. भाऊ रणात पडले. समशेर घायाळ होऊन सूरजमल जाटाच्या मुलुखापर्यंत पोहोचला आणि तेथेच वारला. त्याचा मुलगा अलीबहादूर याने पुढे बुंदेलखंडात बांद्याची गादी स्थापली. शनिवारवाड्याच्या उत्तरेच्या तटात एक दरवाजा आहे. मस्तानीची जा-ये याच दरवाजाने होत असे म्हणून लोक त्याला मस्तानी दरवाजा म्हणतात. त्याचे दुसरे नाव तिच्या या नातवाचे आहे, अलीबहादूर दरवाजा.